खाणावळ आणि देवाचा दरबार

घोडपदेवातल्या आमच्या चाळीतून जे. जे. रुग्णालयापर्यंत चालत जायला अर्धा तास लागतो. रामभाऊ भोगले मार्गाने बाहेर पडायचं, भायखळ्याच्या दिशेने वळायचं आणि सरळ चालत राहायचं. आजी आजारी होती त्या वर्षी मी ही वाट इतक्या वेळा चालले की कुठल्या पानपट्टीला कुठल्या रंगाची ताडपत्री आहे हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

पुढे कधीतरी कळलं की याच रुग्णालयात 9 मे 1919 रोजी नारायण वामन टिळक वारले. शाळेत ज्यांना आपण ‘रेव्हरंड टिळक’ म्हणून ओळखतो, तेच. लक्ष्मीबाई टिळकांचे नवरे. तोपर्यंत माझ्या डोक्यात टिळक दांपत्य आणि माझे आजी-आजोबा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. आता मला ती दोन्ही घरं एकमेकांशिवाय आठवतच नाहीत. हा लेख त्याबद्दल आहे.

एक वाक्य, जे मी बोलायला नको होतं

आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा माळकरी. जुन्नरकडून पोटापाण्यासाठी मुंबईत आले, गिरणीत साचेखात्यात लागले. चाळीतल्या भजनी मंडळाचे ते प्राण. आषाढीची वारी त्यांनी सहसा चुकवली नाही. गल्लीत कुणाकडे भांडण झालं तरी अण्णांना बोलावणं यायचं, कारण ते कुणावर आवाज चढवायचे नाहीत. ‘देवमाणूस’ हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याबद्दलच ऐकला.

आजी खाणावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले गिरणीकामगार एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण राहायचे आणि जेवायला अशा बायकांकडे यायचे. पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. जितके दिवस जेवले नाहीत तितके खाडे वजा. म्हणजे हिशोब आलाच. आजीला लिहिता येत नव्हतं, पण कुणाचे किती खाडे झाले हे तिला तोंडपाठ असायचं. वारीला ती कधी गेली नाही. एकादशीला तिचा उपास असे, तरी त्या दिवशीही ती वीस माणसांच्या भाकऱ्या थापत असे.

घरात आणि नात्यात एक वाटणी पक्की होती: अण्णा परमार्थातले, आजी प्रपंचातली. ही वाटणी मीही न तपासता उचलली. सतरा वर्षांची असताना कॉलेजच्या सहलीसाठी मी पैसे मागितले. आजीने जाण्याचं भाडं किती, जेवण धरलंय का, उरले तर परत आणशील का, असं सगळं विचारलं. मी वैतागून म्हणाले, “तुला पैशाशिवाय दुसरं काही दिसतं का गं? अण्णांचं बघ.”

आजी डबा उघडून पैसे मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, “व्हय, अण्णांचं बघ. त्येंना येळ व्हता.”

दोन रकाने

काही वर्षांनी भायखळ्यात राहणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी रविवारच्या उपासनेला गेले. तिचं घर मूळचं नगरकडचं, तिसऱ्या-चौथ्या पिढीतलं मराठी ख्रिस्ती. त्या दिवशी पाळकांचा उपदेश ‘आत्मिक मन आणि जगिक मन’ या विषयावर होता. एका बाजूला प्रार्थना, वचन, क्षमा. दुसऱ्या बाजूला पैसा, मोबाइल, मानमरातब. बोलणं साधं, मनापासूनचं होतं. मला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. फक्त मी बाकावर बसून आजीला कुठल्या रकान्यात टाकायचं हे ठरवत राहिले, आणि ते जमेना.

घरी येऊन ज्या उताऱ्यावर उपदेश झाला तो वाचला. तो पौलाच्या रोमकरांस पत्रातला, आठव्या अध्यायातला. हे पत्र इ. स. 57च्या सुमारास ग्रीक भाषेत लिहिलं गेलं. पौल तिथे दोन प्रकारच्या मनांबद्दल बोलतो. एक मन ‘सार्क्स’कडे लागलेलं, दुसरं ‘न्यूमा’कडे. न्यूमा म्हणजे आत्मा. मुळात श्वास, वारा. सार्क्स म्हणजे शब्दशः मांस. आणि मन म्हणताना तो ‘फ्रोनेमा’ हा शब्द वापरतो. त्याचा अर्थ नुसता विचार असा नाही. मनाचा कल, ओढ, ते कुठे लागलेलं आहे ते.

गंमत पुढे आहे. शरीराला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, ‘सोमा’. पौल तो शब्दही वापरतो आणि त्याच्याबद्दल आदराने बोलतो. शरीराला तो देवाचं मंदिर म्हणतो. म्हणजे सार्क्स हे शरीराचं दुसरं नाव नव्हे. मग काय? गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने सार्क्सची कामं कोणती याची यादीच दिली आहे. त्यात व्यभिचार आणि दारूबाजी आहे, हे आपण धरूनच चालतो. पण यादीचा निम्म्याच्या आसपास भाग वैर, भांडण, हेवा, राग, फूट, तट यांनी भरलेला आहे. हे शरीराचे रोग नव्हेत. देवाची पूजा करणाऱ्या, वेळेवर प्रार्थना म्हणणाऱ्या मंडळींतही ते चांगले फोफावतात. पौल लिहीत होता तेही अशाच मंडळींना.

आणि हा लिहिणारा माणूस स्वतः कोण? तंबू बनवणारा कारागीर. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण दोघांचा धंदा एकच होता. दिवसा हाताने काम, उरल्या वेळात उपदेश. घोडपदेवच्या भाषेत सांगायचं तर कामगार माणूस.

तेव्हा पौलाच्या लेखी सीमारेषा देऊळ आणि बाजार यांच्यामध्ये नाही. ती एकाच माणसाच्या आतून जाते. हातात एकच काम असताना मन दोन्हीपैकी कुठेही लागलेलं असू शकतं.

मराठीत आल्यावर काय झालं

हा विचार मराठीत आला तेव्हा इथे जागा रिकामी नव्हती. आपल्याकडे आधीच एक जोडी होती: प्रपंच आणि परमार्थ. कुठलंही बाहेरचं बी पडलं की ते याच वाफ्यात रुजणार.

इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने हे पुरतं ओळखलं होतं. तो साष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 साली रोमन अक्षरांत छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ हा शब्द वापरतो. ऐकणाऱ्याला अर्थ लगेच कळतो, पण शब्दाबरोबर त्याचं जुनं घरही येतं.

तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंना नेमकी हीच अडचण उलट बाजूने दिसली. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई संस्कृतच्या पंडिता. मराठी बायबलातले संस्कृत वळणाचे शब्द वाचकाला नकळत हिंदू तत्त्वज्ञानाकडे घेऊन जातात, आणि साध्या बायकांना तर ते कळतही नाहीत, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं बायबल स्वतः भाषांतरित केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. भाषांतर 1924 साली पूर्ण छापून निघालं. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्याच मुलीबाळींच्या हातांनी.

मला केडगावबद्दल वाचताना सर्वांत लक्षात राहिलं ते हे. 1905 साली तिथे मोठी प्रार्थनेची लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत. जगभरच्या ख्रिस्ती लोकांत तिची चर्चा झाली. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होतं, छपाई होती. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना आधी खायला घालावं लागतं, मग हाताला काम द्यावं लागतं. ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात असं तिथे कुणी मानल्याचं दिसत नाही.

टिळकांचं घर

आता टिळकांकडे येऊ. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. कवी, संस्कृतज्ञ, देशाचा धर्म कसा असावा या विचाराने पछाडलेला माणूस. 1893 साली आगगाडीत त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. त्याने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्तापर्यंत तुकारामाने आणलं, असं ते म्हणत.

लक्ष्मीबाईंना हे आधी ठाऊक नव्हतं. त्या ज्या घरात वाढल्या तिथे वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. 1857च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिलं आणि त्या धक्क्याने वडील शिवाशिवीत गुरफटले, अशी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवात आहे. देवासाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट घरातल्या माणसांना कसं छळते, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. तरी नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या मोडून पडल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. परत एकत्र आल्यावरही त्या बराच काळ आपला स्वयंपाक वेगळा करत, आपलं पाणी वेगळं भरत. जातपात माणसाने केलेली, हे त्यांना कुणी पटवून दिलं नाही. त्यांचं त्यांना ते उमगलं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक देणारे होते. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताकडे जायचा, घरात काय आहे हा प्रश्न नंतर. आणायला एक सांगावं तर भलतंच घेऊन यावं, कधी न सांगता निघून जावं. लक्ष्मीबाई हे सगळं हसत सांगतात. पण ते वाचताना लक्षात येतं की त्या उदारपणाची किंमत रोज सकाळी कुणीतरी डाळ-तांदळात मोजत होतं. प्लेगात आजाऱ्यांची सेवा, अनाथ मुलं घरात आणणं, होतकरू कवींना आसरा. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे नगरला राहिले. टिळक माणसं घरी आणत. त्यांना वाढायचं लक्ष्मीबाईंनी.

1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. ‘देवाचा दरबार’ नावाची एक मंडळी उभी करण्याचं त्यांचं स्वप्न होतं: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे जाणारे सगळे एकत्र, परदेशी पैशावाचून. मराठी भूमीतून उगवलेली ख्रिस्ती मंडळी. कल्पना मोठी होती. पण दोन वर्षांच्या आत ते गेले.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. टिळक ढोंगी नव्हते, बेजबाबदारही म्हणता येणार नाही. पगार सोडणं हे त्यांच्या मनाच्या ओढीचं अगदी खरं रूप होतं. प्रश्न इतकाच की, त्या घरात आत्मिक मनाचं माणूस एकच होतं का?

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहिते. आणि स्वतःच्या संसाराबद्दल असं पुस्तक लिहिते की ज्यात कुणाबद्दल कडवटपणा नाही, नवऱ्याबद्दल नाही आणि वाळीत टाकणाऱ्या नातलगांबद्दलही नाही. पौलाची यादी पुन्हा आठवा. वैर, हेवा, राग, फूट. ‘स्मृतिचित्रे’त यांतलं काय उरलंय ते शोधून पाहा.

मार्थाचं काय?

हा पेच आपल्याकडचाच नाही. इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणाने तिसऱ्या शतकात चर्चमध्ये वचन ऐकलं की, असेल ते विकून गरिबांना दे. त्याने जमीन वाटून टाकली, धाकट्या बहिणीला व्रतस्थ बायकांच्या स्वाधीन केलं आणि वाळवंटाची वाट धरली. ख्रिस्ती संन्यासाची परंपरा त्याचं नाव घेते. त्या बहिणीला काय वाटलं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामात असते आणि तक्रार करते. येशू मरीयेची बाजू घेतो. शतकानुशतकं यावरून ठरवलं गेलं की चिंतन वरचं, काम खालचं. पण चौदाव्या शतकाच्या आगेमागे माइस्टर एकहार्ट या जर्मन धर्मोपदेशकाने एक प्रवचन दिलं आणि गोष्ट उलटी वाचली. त्याच्या मते मार्थाच जास्त पिकलेली. मरीया अजून शिकते आहे. मार्था कामात असूनही आतून स्थिर राहू शकते. येशू तिला कामाबद्दल बोलत नाही, काळजीने तुटलेल्या मनाबद्दल बोलतो.

पुढे मार्टिन लूथरने मठ आणि संसार ही उतरंडच नाकारली. चांभाराचं काम आणि धर्मगुरूचं काम, दोन्ही देवाने सोपवलेली. 1525 साली त्याने कॅथरीना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केलं. विटेनबर्गमधल्या रिकाम्या मठातच त्यांचं घर. लूथर हिशोबात कच्चा, देण्यात सढळ. कॅथरीनाने शेती केली, गुरं पाळली, बिअर गाळली आणि विद्यार्थ्यांना पैसे घेऊन राहायला-जेवायला ठेवलं. म्हणजे खाणावळच. लूथरचे जेवणाच्या टेबलावरचे बोल शिष्यांनी टिपून ठेवले, त्यांचं पुस्तक झालं. जेवण कुणी केलं हे त्यामुळेच आपल्याला कळतं.

उधारीची वही

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. घोडपदेव, लालबाग, परळ, सगळा भाग ठप्प. तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही.

खाणावळवाल्या बायकांवर काय बीतली याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. आधीच व्याजाने पैसे काढून त्या धान्य भरत. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते सावकाराच्या या फासातून सोडवायलाच. आजी त्यात नव्हती. तिचा सगळा कारभार वाण्याच्या उधारीवर.

त्या जूनमध्येही अण्णा वारीला गेले. आमच्या घरात या गोष्टीवर कुणी बोलत नाही. मी रागाने लिहीत नाहीये, कारण मला दुसरी बाजूही ठाऊक आहे. संपाच्या त्या रिकाम्या संध्याकाळी भजनाला जेवढी माणसं बसायची तेवढी आधी कधी बसली नव्हती. दारूच्या गुत्त्याकडे वळलेले दोघे-तिघे अण्णांनी हाताला धरून भजनात आणले. हे मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, म्हातारपणी, डोळे पुसत.

पण त्याच संध्याकाळी भजन संपल्यावर ही माणसं जेवायला यायची ती आजीकडे. पगार नव्हता, तरी यायची.

आजी गेल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. आजी सांगायची आणि ते लिहायचे. पानापानावर नावं, खाडे, बाकी. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. बाकी वाढत जाते. कितीतरी नावांपुढे बाबांच्या पोरवयीन अक्षरात ‘गावी गेला’ एवढंच लिहिलेलं. त्यानंतर जमेची नोंद नाही. बाबा म्हणाले की वाण्याचं देणं फेडायला आजीने दोन बांगड्या मोडल्या आणि पुढची काही वर्षं भाजी विकली. कुणाच्या गावी पत्र टाकून पैसे मागूया का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “तिकडं त्येंची पोरं काय खात्यात, ते तुला ठावं हाय का?”

मग वही ठेवली कशाला? बाबांनाही हे विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले. “कोण कोण जेवून गेलं, ते राहावं म्हणून असेल,” म्हणाले.

आजी ख्रिस्ती नव्हती. पौलाचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं, आणि मी तिला त्याच्या साक्षीला उभं करते आहे हे कळलं असतं तर ती हसली असती. परमार्थ कशाला म्हणायचं हेही तिने कधी मला सांगितलं नाही. मला एवढंच दिसतं की पैसे मोजणाऱ्या त्या हातांमागचं मन पैशात लागलेलं नव्हतं, आणि मी सतरा वर्षं त्या घरात राहून फक्त हात पाहिले.

त्या सहलीला मी गेले होते. तिने भाडं, जेवण आणि वर पन्नास रुपये जास्तीचे दिले होते. उरलेले मी परत आणले नाहीत. तिने विचारलंही नाही.